आतले टाके

नातेपुत्यात एखाद्या बाईची पिशवी काढली असं कळलं की पहिला प्रश्न येतो तो टाक्यांचा. किती टाके? उभे का आडवे? का बिनटाक्याचं केलं? आजार काय होता ते नंतर, डॉक्टर कोण ते त्याच्याही नंतर. टाक्यांच्या आकड्यावरून बाईचं दुखणं किती मोठं, तिला किती दिवस निजू द्यायचं, भेटायला जाताना नुसता बिस्किटांचा पुडा न्यायचा का सोबत शहाळी-मोसंबीही न्यायची, हे सगळं ठरतं. आमच्या सासूबाईंच्या पिढीपर्यंत हा हिशेब बरोबरच होता. तेव्हा बहुतेकींचं पोट फाडूनच व्हायचं, आणि पोट फाडलेली बाई महिनाभर कामाला लागत नाही हे घरातल्या लहान पोरालाही कळायचं. दुर्बीण आली आणि हिशेब चुकायला लागला.

माझी तक्रार इकडच्या कितीतरी बायकांची असते तीच. अंगावर फार जायचं. पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत वर्गात मी खुर्चीवरून उठायचं टाळायची, आणि उठलेच तर आधी मागून साडी चाचपून मगच फळ्याकडे वळायची. गडद रंगाच्या साड्या त्या दिवसांसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या. पुढे शाळेचा जिना चढताना धाप लागायला लागली. तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकावेसे वाटायला लागले, आणि ते मी टाकतेय हे पोरीनं पाहिलं तेव्हा कुठं रक्त तपासायला गेले. हिमोग्लोबिन सातच्या घरात. सोनोग्राफीत पिशवीला गाठी निघाल्या. त्यातली एक चांगली मोठी, पिशवीच्या पोकळीत घुसलेली.

रिपोर्ट ज्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवला त्यांनी तो पुरता वाचलाही नाही. "मुलं झालीत ना? मग ठेवून काय करायचं? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" एवढं बोलून त्यांनी नर्सला तारीख बघायला सांगितली. घरी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "काढून टाका की. काय लोणचं घालायचंय तिचं?" डॉक्टर आणि जाऊबाई यांचं एकमत झालं की आपल्याकडे बाईचा निकाल लागतो.

खरं म्हणजे अशा साध्या गाठीचा कॅन्सर होणं फारच दुर्मिळ. चाळिशीनंतर जास्त जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा, पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी करावी, हे बरोबर. पण ती तपासणी न करताच कॅन्सरचं नाव काढायचं आणि सही घ्यायची, हा निव्वळ धाक झाला. माझ्या तपासण्या पुढे झाल्या, दोन्ही निर्मळ आल्या. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या झाल्या. पिशवीत बसवायची हार्मोनची तांबीसारखी वस्तू असते, तिनं कितीतरी जणींचं ऑपरेशन टळतं. माझ्या पोकळीचा आकारच गाठीनं बिघडवलेला, त्यामुळे ती टिकली नाही, एका पाळीत बाहेर आली. लोहाची सलाइनं लावून हिमोग्लोबिन वर आणलं आणि पुढच्या दोन पाळ्यांत ते पुन्हा वाहून गेलं. मग मात्र मीच म्हटलं, आता काढू. धाकानं घेतलेला निर्णय आणि सगळं करून बघून घेतलेला निर्णय, ऑपरेशन एकच असलं तरी, टेबलावर आडवं होताना फार वेगळे वाटतात.

अकलूजच्या ज्या डॉक्टरबाईंकडे मी शेवटी गेले त्यांनी केसपेपर उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेनानं चित्र काढलं. मधे पिशवी, दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांच्या टोकाला बीजांडं, खाली पिशवीचं तोंड. मग तीन बाण काढले. एक पोटावरून, एक बेंबीतून, एक खालून. "ताई, काढायचं तेच आहे. रस्ता कुठला घ्यायचा ते आपण ठरवू." 'आपण' हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण मी तो घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

पोट उघडून करायचं म्हटलं की आता बहुधा आडवा छेद घेतात, ओटीपोटाच्या अगदी खाली. हा छेद योहानेस फान्नेनश्टील या जर्मन डॉक्टरानं १९०० साली मांडला. मुक्काम जास्त, दुखणं जास्त, पूर्ववत व्हायला सहा ते आठ आठवडे. गाठी फारच मोठ्या असतील, आत सगळं चिकटलेलं असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर आजही हाच रस्ता. दुर्बिणीचं तंत्र त्या मानानं अगदी अलीकडचं. अमेरिकेत हॅरी राइश यांनी १९८८ साली पहिल्यांदा दुर्बिणीतून पिशवी काढली. बेंबीतून कॅमेरा, बाजूला दोन-तीन भोकं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून फुगवायचं म्हणजे काम करायला जागा होते. डॉक्टर रुग्णाच्या पोटाकडे न बघता समोरच्या पडद्याकडे बघून हात चालवतात.

तिसरा रस्ता सगळ्यांत जुना आणि आमच्याकडे सगळ्यांत बदनाम. १८१३ साली गटिंगेनमध्ये कोनराड लांगेनबेक या सर्जननं एका बाईची पिशवी खालून काढली. तेव्हा भूल द्यायची सोय नव्हती; ईथर यायला अजून तेहतीस वर्षं होती. मदतीला म्हणून आलेला सहकारी गाउटनं असा जखडलेला की त्याला जागचं उठता येईना. रक्ताची धार एका हातानं दाबून धरत लांगेनबेकनं एकट्यानं काम उरकलं. बाई जगली. पण पुढे कुणी विश्वासच ठेवीना. काढलेली पिशवी जपून राहिली नाही, पोटावर व्रण नाही, मग ऑपरेशन झालं कशावरून? ती बाई आणखी सव्वीस वर्षं जगली आणि म्हातारपणी वारली, तेव्हा शवविच्छेदन केलं आणि मग कुठं सहकाऱ्यांची खात्री पटली. जिवंतपणी तिलाच विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं का? पण तिच्या शब्दाला पुरावा कोण धरणार!

आपल्याकडे मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी खालच्या मार्गासाठी हयात घातली. जागतिक स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनेचे ते अध्यक्ष होते. अंग बाहेर आलेलं नसलं तरी पिशवी खालून सुखरूप काढता येते हे त्यांनी करून दाखवलं, शिकवलं, त्यावर पुस्तक लिहिलं. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तोलणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यांतही हेच येतं: जिथं जमण्यासारखं असेल तिथं खालचा मार्ग पहिला. पोटावर काहीच नाही, बाई लवकर उठते, महागडी यंत्रं लागत नाहीत. तरी दवाखान्याच्या पाटीवर ठळक अक्षरं कशाची, तर दुर्बिणीची. पुण्यात तर आता यंत्रमानवाच्या हाताची. खालून करणारे हात कमी होत चाललेत, कारण शिकणाऱ्यांना ते तसं शिकवलं जात नाही आणि मागणाऱ्या बायकाही उरल्या नाहीत. आमच्याकडे खालून म्हटलं की ते अंग बाहेर आलेल्या म्हाताऱ्यांचं ऑपरेशन, अशी समजूत. शिवाय लाज. बाळंतपणं त्याच वाटेनं झालेल्या बाया ऑपरेशनसाठी ती वाट नको म्हणतात, याला काय म्हणावं!

मी लाज बाजूला ठेवून खालूनच करा म्हणाले. डॉक्टरबाईंनी तपासून नको म्हटलं. पिशवीचं मोजमाप गर्भाच्या आठवड्यांत करतात. माझी चौदा आठवड्यांच्या पोटाएवढी झाली होती. त्यात दोन सिझर. "मूत्राशय वर चिकटलेलं असणार. माझा हात दुर्बिणीवर जास्त बसलाय. पडद्यावर मला ते नीट सोडवता येईल. दुसरं कुणी कदाचित खालूनही काढतील; मी तुमच्यावर प्रयोग करणार नाही." मग मी विचारलं, तुम्ही अशी किती केलीत, आणि त्यातली किती अर्ध्यात पोट उघडून पुरी करावी लागली? आमच्या भागात डॉक्टरला असं विचारणं म्हणजे उद्धटपणाच. आमचे हे खुर्चीत अवघडले. बाई मात्र हसल्या आणि दोन्ही आकडे सांगितले. मला वाटतं पद्धत निवडायची म्हणजे हेच. आपलं पोट कसं आहे आणि समोरच्याचा हात कशावर बसलाय, या दोन्हीची गाठ जिथं पडेल ती पद्धत आपली. वर्तमानपत्रातली जाहिरात यात कुठंच येत नाही.

बीजांडांचाही प्रश्न होता. पिशवीबरोबर तीही काढतात असं पुष्कळ बायकांना वाटतं, आणि कितीकदा न विचारता काढलीही जातात. पाळी जायच्या आधी दोन्ही बीजांडं काढली तर एका रात्रीत म्हातारपण येतं. अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. माझी निरोगी होती, ठेवली. नळ्या काढल्या, बीजांडाच्या कॅन्सरची सुरुवात बऱ्याचदा नळीत होते असं आता मानतात, म्हणून त्या ठेवायला कारण नव्हतं. संमतिपत्रावर 'गरज पडल्यास पोट उघडून' ही ओळ होती, ती डॉक्टरबाईंनी बोट ठेवून वाचून दाखवली. मग सही केली.

दवाखान्यातल्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. पोटात भरलेल्या वायूचा थोडा अंश मागे राहतो, तो छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला खालून टोचतो आणि दुखतं वर खांद्यात. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि नर्सनं हाताला धरून व्हरांड्यात चालवलं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालायचंच, रडत का होईना. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे: वारा सरला का? सकाळी डॉक्टर विचारतात, दुपारी नर्स विचारते, संध्याकाळी फोनवर नणंदबाई विचारतात. घरातली पुरुषमाणसंसुद्धा दाराआडून चौकशी करतात. आयुष्यभर जो बाईनं चोरून सोडायचा, त्याची अशी आतुरतेनं वाट बघितली जाते.

गोष्ट खरी सुरू झाली ती घरी आल्यावर.

भेटायला येणाऱ्या बायकांची पहिली नजर पोटाकडे. मी पदर बाजूला करून दाखवायची: बेंबीत एक आणि बाजूला तीन, वर चिकटपट्ट्या. चेहऱ्यावर आलेली काळजी तिथल्या तिथं ओसरायची. "एवढंच? मग तर चांगलं झालं बाई. आमच्या भावजयीला हात-हातभर फाडलं होतं." पहिला आठवडा सरेपर्यंत घरातही तेच वारं शिरलं. कुणी वाईट नव्हतं. ह्यांनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं, पोरगी भांडी घासून शाळेत जात होती. पण बायको हिंडती-फिरती आहे, हसते-बोलते आहे, पोटावर चार चिकटपट्ट्या आहेत; मग पाण्याची कळशी मोटारीपासून ओट्यापर्यंत आणायला तिला कुणी का अडवावं? गव्हाचा डबा सरकवायला का अडवावं? पट्ट्या निघाल्यावर तर प्रश्नच मिटला. दुखणं दिसायचं बंद झालं, म्हणजे संपलं.

आत काय असतं ते डॉक्टरबाईंनी मला त्याच केसपेपरवर दाखवलं होतं. पिशवी तोंडासकट काढली की योनिमार्गाचं वरचं टोक उघडं राहतं. ते शिवून बंद करावं लागतं. धान्याचं पोतं भरून त्याचं तोंड शिवतात तसं, फक्त इथं पोतं उलटं टांगलेलं, आतड्यांचा आणि मूत्राशयाचा भार वरून त्या शिवणीवर. पोट फाडून काढा, दुर्बिणीनं काढा, खालून काढा, ही शिवण तिन्हींत असते आणि तिला भरून यायला लागणारे आठवडेही तिन्हींत तेवढेच. उलट दुर्बिणीत कापण्यासाठी विजेची उष्णता वापरतात, म्हणून असेल, ती शिवण उसवण्याचा धोका दुर्बिणीत किंचित जास्तच आढळतो. तो एकूणात कमीच असतो, पण बाहेर जिला कमी टाके तिनं आत जास्त जपायचं, असा हा उलटा न्याय आहे. सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे भरलेली कळशी नाही, पाच लिटरचा कुकर नाही, चुलत जावेचं पोर कितीही गोड असलं तरी नाही. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथायचं नाही. नवराबायकोचा संबंध सहा ते आठ आठवडे नाही, आणि नंतरही एकदा तपासून घेतल्यावर.

या शेवटच्या गोष्टीबद्दल सगळ्यांना विचारायचं असतं आणि कुणी विचारत नाही. माझ्याच शाळेतल्या एकीनं स्टाफरूम रिकामी झाल्यावर कुजबुजत विचारलं, "ह्यांना कळतं का गं, काही वेगळं?" मी सांगितलं, त्यांना काही कळत नाही. आणि तुझं तू विचार, माझ्यासारखी पाळीच्या भीतीतून सुटलेली असशील तर उलट बरंच वाटेल. ती अशी लाजली की मला पुढे बोलवेना.

घरात जिला हे सगळं न सांगता कळलं त्या सासूबाई. त्यांचं ऑपरेशन पंढरपूरला झालेलं, बेंबीपासून खाली सरळ उभा छेद. "आत्या, तुम्ही किती दिवस निजला होता?" मी एकदा विचारलं. "सव्वा म्हैना. माझ्या आईनं खाली पाय टेकू दिला न्हाई. पोटाला लुगड्याचा पट्टा, कानाला फडकं, आन् सकाळ-संध्याकाळ शेक. सासू आली हुती न्यायला, तिला आईनं सोप्यातच बसवली आन् पोट उघडं करून दाखवलं. म्हणली, बघा, आन् मग न्या." सासूबाई हसल्या. "तुजं काय दाखवणार गं? मुंगी चावल्यागत दिसतंय." मग त्यांनीच एक तोड काढली. कुणी आलं की मी आतल्या खोलीत पलंगावरच असायचं आणि बाहेर त्यांनी सांगायचं, "मोठं ऑपरेशन झालंय, तिला उठाय बंदी हाय." डॉक्टरबाईंनी उठून चाला म्हणून सांगितलेलं, ते मी परसात दार लावून करायची. वैद्यकीय सल्ला गुपचूप पाळावा लागतो हेही एक आमच्याकडचं शास्त्र आहे. हळद-दूध, डिंकाचे लाडू मुकाट्यानं खाल्ले. भात बंद, वांगं बंद, केळं तर नावच नको, हे मात्र ऐकलं नाही. पोट साफ राहायला जे लागतं तेच नेमकं पथ्यात बंद करायचं, याचा अर्थ मला लागला नाही.

घरी येऊन दोनेक आठवडे झाले असतील, अचानक लाल डाग दिसला आणि माझे हातपाय गार पडले. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आतले धागे विरघळायला लागले की थोडं असं जातं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पाळीसारखं भरभरून गेलं, दुर्गंधी आली, ताप आला, एका पोटरीला सूज येऊन दुखायला लागली किंवा लघवी नकळत झिरपायला लागली तर मात्र रात्र असो, दिवस असो, यायचं. हे कागदावर लिहून मिळायला हवं खरं तर. मी स्वतः वहीत लिहून घेतलं, ते पान नंतर निम्म्या आळीत फिरलं.

हा सगळा काळ गळिताचा होता. हंगामात आमच्याकडचा रस्ता सदाशिवनगरच्या श्री शंकर कारखान्याकडे आणि अकलूजकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांनी भरलेला असतो. तोडणीच्या टोळ्या येतात त्या बीड जिल्ह्यातून, पाथर्डीकडून. माळावर कोप्या पडतात. टोळीतल्या बायका संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या विकायला दारावर येतात; आमच्या म्हशीसाठी सासूबाई घेतात. त्यातली एक परसात मला चालताना बघून थांबली. तिशीची असेल-नसेल. काय झालं विचारलं, मी सांगितलं.

"मही बी काढली की," ती म्हणाली. पेंढीवरचा दोर सोडत, मान वर न करता.

"एवढ्या लवकर?"

"अंगावर पांढरं जायचं. डॉक्टर म्हणला सडल. काढून टाकली."

"मग आराम किती केलास?"

"आराम कशाचा बाई. उचल फिटली नव्हती. पंधरा दिसानं कोयता धरला." मग पोलक्याखाली बोटानं रेघ ओढून तिनं छेद कुठून कुठपर्यंत ते दाखवलं. आडवा होता, चांगला मोठा. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं आणि दाराआड पलंग होता. तिच्याकडे दाखवायला सगळं होतं, पण बघणार कोण? मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता. बाई पडली तर अर्धा नव्हे, अख्खा कोयता बंद, आणि दिवसाचा खाडा अंगावर.

२०१९ साली बीडच्या या बायकांची बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. फडात पाळीची सोय नाही, पाण्याची नाही, संडास नाही, आणि खाडा तर परवडत नाही. त्यात पांढरं जाण्यालाही कॅन्सरचा धाक घालणारे दवाखाने. पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं. त्यानंतर त्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. चांगलंच झालं. पण जिची काढायलाच हवी होती तिलाही नंतर निजायला सहा आठवडे कुठून द्यायचे, याचं उत्तर मला या सगळ्या कागदांत दिसलं नाही. उचल फिटेपर्यंत आतल्या शिवणीची मुदत कोण मोजणार?

ती वाढेवाली पुन्हा दोन-तीनदा आली. सासूबाई तिला पेंढीमागे थोडे पैसे जास्त द्यायला लागल्या आणि वर स्वतःच ओझं उतरवून घ्यायला लागल्या. सत्तरी उलटलेल्या बाईनं तिशीतलीच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं, हे दृश्य बरं नव्हतं, पण मला तर उचलायची बंदीच होती.

त्याच सुमारास वाचायला वेळ होता म्हणून जुनी कात्रणं चाळली. त्यात पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयाची बातमी निघाली. १८ मे २०१७ रोजी डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकानं देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. मुलगी आमच्याच सोलापूरची, एकवीस वर्षांची, जन्मतः पिशवी नसलेली. देणारी तिची आई. आईची पिशवी दुर्बिणीतून काढून लेकीला बसवली. दुसऱ्याच दिवशी गुजरातच्या आणखी एका मायलेकींचं झालं, आणि त्या लेकीला ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच रुग्णालयात मुलगी झाली. जिच्यात आपण वाढलो त्याच पिशवीत आपलं मूल वाढवलं तिनं. हे मी थोरल्या जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे पोरं झाल्यावरबी ती कामाची असतीच की." लोणच्याची आठवण मी काढली नाही.

चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेला कोथळ्याच्या बाजूनं मुंगी घाटातून कावडी चढल्या तोवर माझी मुदत संपून गेली होती. हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं. कपाटातल्या गडद साड्या कुणाला तरी देऊन टाकल्या आणि पांढऱ्यावर बारीक निळी फुलं असलेली एक साडी घेतली. पाळी गेल्याचं दुःख होईल असं काहीजणी म्हणायच्या. मला तरी झालं नाही. एकदा दुकानात सवयीनं सॅनिटरी पॅडचा पुडा उचलला आणि परत ठेवला, एवढंच. बीजांडं शाबूत असल्यानं वाफा अजून नाहीत. पिशवी काढल्यावर ती थोडी लवकर थकतात म्हणतात, तेव्हा येतील त्या येतील.

आता धाकट्या जाऊबाईंची तारीख लागलीय. त्यांची पिशवी खाली सरकलेली, गाठी नाहीत, सिझर नाही. डॉक्टरबाई खालूनच काढणार. जाऊबाईंनी आधी नाक मुरडलं, मग मी केसपेपरामागचं ते चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्या तयार झाल्या. दीर मात्र खूश आहेत, पोटावर एकही टाका नाही, आठवडाभरात घर सुरळीत होईल म्हणतात. सहा आठवडे गोठा कोण बघणार, धारा कोण काढणार आणि त्यांच्या शेतातल्या माणसांची भाकरी कुठल्या चुलीवर होणार, यावर रात्री जेवणं झाल्यावर आमची बैठक बसते. काल भावजी म्हणाले, तीन आठवडे ठीक आहे. सासूबाई म्हणाल्या सहा. भावजींनी चार केले. आज पुन्हा बसायचंय.